विमलबाईंची चूक

विमलबाई कोणत्याही मुलाला शहाणे म्हणत नसत. गुणी, हुशार, चांगला, आज्ञाधारक ही सारी विशेषणे त्यांच्या वर्गात निषिद्ध होती. एखाद्या मुलाच्या तोंडून तसा शब्द निसटलाच, तर त्या दाराकडे बोट दाखवून म्हणत, “तो शब्द चपलांपाशी ठेवून ये.” आणि ते मूल खरोखरच दारापर्यंत जाई, रिकाम्या ओंजळीतून काहीतरी खाली ठेवल्यासारखे करी आणि परत येऊन बसे.

हा वर्ग म्हणजे माण गावातल्या आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीची शब्बाथशाळा. रविवारच्या उपासनेआधी तासभर मुलांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, गीते शिकवायची, एवढाच तिचा व्याप. मंडळीला स्वतःची वास्तू नव्हती. गावातले जुने जमीनदार, ज्यांना सारे तात्या म्हणत, त्यांच्या पूर्वीच्या गोठ्यावर चढवलेल्या मजल्यातली एक लांबट खोली आम्ही भाड्याने घेतली होती. खाली गाईंच्या जागी आता भाडेकरूंच्या दुचाकी उभ्या असत, आणि खिडकीतून आयटी पार्कच्या काचेच्या इमारती दिसत. प्रभू येशूचा जन्म गोठ्यात झाला हे सांगताना बाई फरशीवर टाच आपटत आणि म्हणत, “असा. याच्याही खाली.”

मी सेवानिवृत्त ग्रंथपाल. पत्नीच्या निधनानंतर सूसला मुलाकडे राहायला आलो. इतरांनी लिहिलेली पुस्तके जागच्या जागी लावण्यात माझे आयुष्य गेले; स्वतः काही लिहिण्याचा हा उद्योग साठी उलटल्यावरचा आहे, तेव्हा वाचकांनी तो तेवढ्याच अपेक्षेने वाचावा. मंडळीच्या धर्मगुरूंनी, म्हणजे पाळकसाहेबांनी, मला बाईंच्या मदतीला दिले. हजेरी मांडायची आणि गोष्टींची चित्रे भिंतीवर टांगायची, हे माझे काम. पहिल्याच दिवशी मी बाईंना भीत भीत सांगितले की मला मुलांशी बोलता येत नाही.

“उत्तम आहे, बंधू,” त्या म्हणाल्या. “तुम्ही त्या कोपऱ्यात बसा. न बोलणारा मोठा माणूस या पोरांनी अजून पाहिलेला नाही.”

बाई तेव्हा सत्तरीच्या जवळ आल्या होत्या. नगरकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात त्यांनी तीस वर्षे अधीक्षिका म्हणून काढली होती. अंगाने किरकोळ, आवाज मात्र दोन मजले चढणारा. पर्समध्ये सुई-दोरा कायम. एखाद्या सदऱ्याची गुंडी लोंबताना दिसली की त्या मुलाला तिथेच उभे करून, अंगातल्या अंगातच ती शिवून टाकत. अंगावरचे कपडे शिवताना ते घालणाऱ्याने दातात दोऱ्याचा तुकडा धरायचा, हा आपल्याकडचा जुना रिवाज. बाई त्याचा उपयोग वर्गात शांतता राखण्यासाठी करीत. आठ वर्षांचा एलिया नावाचा एक मुलगा अखंड बोलत असे. त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या इतर मुलांपेक्षा अधिक वेळा शिवल्या गेल्या, आणि त्यांपैकी सगळ्याच निघालेल्या होत्या असे मला वाटत नाही.

तात्या अधूनमधून जिन्यात येऊन उभे राहत. धर्माशी त्यांचे काही भांडण नव्हते, फक्त कुतूहल होते. एकदा त्यांनी विचारले, “बाई, तुमचा देव विंग्रजीत बोलतोय म्हनं?”

“तो कशात बोलतो ते तोच जाणे, तात्या. मी त्याच्याशी मराठीतच भांडते.”

“भांडता व्हय? मंग जमंल. आमीबी तेच करतो.”

मुलांची गोष्ट मात्र एवढी सोपी नव्हती. एका रविवारी एलिया आला तो गप्प. बाईंनी त्याच्या सगळ्या गुंड्या तपासल्या, त्या जागेवर होत्या. मग तो म्हणाला, “बाई, शाळेतला एक मुलगा म्हणतो, तू मराठी का ख्रिश्चन? मी काय सांगू?”

मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात एक मुद्देसूद उत्तर तयार करू लागलो. या मातीतल्या ख्रिस्ती माणसांनी मराठीसाठी काय काय केले, इथपासून त्यात सगळे होते. बाईंनी विचारले, “त्याने विचारलं तेव्हा तुला काय झालं?”

“पोटात दुखलं.”

“मग तोंडाचं नंतर बघू. आधी पोटाचं बघू. उत्तर पाठ करून घेतलंस तर त्याने दुसरा प्रश्न विचारला की पुन्हा दुखेल. आपण कुणाचे आहोत हे एकदा आत नीट बसलं ना, की तोंडातून काय येईल ते येईल.”

दोन-तीन रविवारांनंतर एलियाने आपण होऊन बातमी दिली. त्या मुलाने पुन्हा विचारले होते. “मी म्हटलं, दोन्ही. डब्यात शेव आहे, खातो का?”

“खाल्ली का त्याने?”

“सगळी.”

बाईंचे सगळे शिकवणे या एकाच गोष्टीभोवती फिरत असे: मूल स्वतःला काय समजते. त्यांच्या वर्गातली बहुतेक मुले नोकरीसाठी इकडे आलेल्या कुटुंबांतली होती. गाव मागे पडलेले, खोली भाड्याची, शाळा दर दोन वर्षांनी नवी. “यांच्या पायाखाली काही तरी घट्ट पाहिजे, बंधू,” त्या म्हणत. “देवाने तुला ओळखलंय, हे नुसतं सांगून भागत नाही. आधी कुणीतरी माणसाने ओळखावं लागतं.” त्यासाठी त्यांनी वसतिगृहात असताना एक रिवाज पाडला होता आणि तो इथेही चालू केला होता. त्याचा त्यांना अभिमान होता. तेवढाच एक अभिमान मी त्यांच्यात पाहिला.

रिवाज असा. ज्याचा वाढदिवस त्या आठवड्यात असेल त्याने बाईंच्या खुर्चीवर बसायचे. मग इतरांनी एकेक करून त्या मुलाविषयी आपण डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगायची. चांगला आहे, गुणी आहे, असे नाही. “मी पाहिलं” अशी सुरुवात करूनच बोलायचे. ‘मी पाहिलं, एलियाने पडलेली पाण्याची बाटली सरळ करून ठेवली.’ ‘मी पाहिलं, तो हरला तरी त्याने भांडण केलं नाही.’ खुर्चीवरचे मूल फुलत जाई. मला स्वतःला ही पद्धत इतकी आवडली होती की मी घरी जाऊन सुनेला ती वर्णन करून सांगितली.

स्नेहा याच काळात आली. दहा वर्षांची, जालन्याकडून आलेली, सहा वर्षांत चौथी शाळा पाहणारी. वडील कंपनीच्या बसवर चालक, आई एका खानावळीत पोळ्या लाटायला. मुलगी शेवटच्या रांगेत भिंतीला पाठ लावून बसे आणि हजेरीला नुसता हात वर करी. तिचा वाढदिवस आला तेव्हा तिला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

ती खुर्चीवर बसली. केसांना नवी रिबीन होती. बाई म्हणाल्या, “हं, सांगा पाहिलेलं.”

कुणीच हात वर केला नाही.

मुले एकमेकांकडे पाहू लागली. ती काही वाईट नव्हती. त्यांना खरोखरच काही आठवत नव्हते, आणि खोटे सांगायचे नाही हे त्यांना बाईंनीच शिकवले होते. अखेर एलियाला राहवले नाही. “मी पाहिलं, ती लवकर येते.”

“नाही, परवा उशिरा आली होती,” मागून कुणी तरी म्हणाले, आणि मुले हसली.

मी पाहिले होते. दर रविवारी तात्यांचा कुत्रा जिन्याच्या तोंडाशी बांधलेला असे. लहान मुले त्याला घाबरत, आणि स्नेहा तिथे थांबून एकेकाला आपल्या आडून वर पोचवी. मी दर वेळी खिडकीतून ते पाहत असे. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले. पण वर्गात मोठ्यांनी बोलायचे नसते, माझी जागा कोपऱ्यात आहे, आवाज कापला तर मुले हसतील, अशी नाना कारणे मी स्वतःला पुरवली आणि हजेरीच्या वहीत पाहत राहिलो. तेवढ्यात बाईंनी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, गीत सुरू केले. स्नेहा गीत संपेपर्यंत खुर्चीवर ताठ बसून होती. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

बाई तिच्या घरी गेल्या; मला बरोबर नेले. चाळीतली एक खोली, मधोमध पडदा. स्नेहाच्या आईने चहा ठेवला. “काय झालं सांगतच नाही बघा, बाई,” ती म्हणाली. “म्हणती, तितं माझं काही नाही.”

पडद्यामागे हालचाल झाली, पण मुलगी बाहेर आली नाही. बाईंनी पडद्याकडे पाहून आवाज न चढवता एवढेच सांगितले की शनिवारी मुलांना कासार आंबोलीला मेंढरे दाखवायला न्यायचे आहे, जीपमध्ये एक जागा आहे. परतताना फाट्यापर्यंत आल्यावर त्या म्हणाल्या, “बंधू, तीस वर्षांत माझ्या खुर्चीवर असं पोर कधी बसलं नसेल का? की बसलं होतं आणि मला कळलं नाही?”

शनिवारी स्नेहा आली. आईने पाठवले म्हणून आली, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. कासार आंबोलीच्या एका शेतात धनगरांचा कळप बसवलेला होता. म्हातारे कोंडीबा घोंगडी पांघरून बांधावर बसले होते. बाईंना मुलांना हरवलेल्या मेंढराची गोष्ट प्रत्यक्ष दाखवायची होती. त्यांनी ती कोंडीबांना थोडक्यात सांगितली: शंभरातले एक हरवले, धनी नव्व्याण्णव सोडून त्याला शोधायला गेला. तुम्ही जाल का, असे त्यांनी विचारले.

“जाईन की. पन नव्व्यान्नव उघड्यावर टाकून न्हाई जानार. बायकू हाय, कुत्री हायेत. त्यांच्यावर सोडून जाईन.”

मुले खो खो हसली. बाईही हसल्या. “इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय, पण कुत्र्यांचा विचार मी कधी केलाच नव्हता.”

एलियाने विचारले, “आजोबा, यातलं सगळ्यात चांगलं मेंढरू कोणतं?”

कोंडीबांनी कळपावरून नजर फिरवली. “चांगलं-वाईट बाजारात आसतंय, पोरा. तितं गिऱ्हाईक दात बघतंय, वजन बघतंय. हितं कशाला? हितं समदी माजीच हायेत.”

“पण एखादं काहीच कामाचं नसेल तर?”

“ते बघ, लंगडं. लोकर न्हाई, काय न्हाई. पन माजं हाय. हरवलं तर जावंच लागंल.” आणि मग, बहुधा मुले फार गंभीर झाली म्हणून, ते पुढे म्हणाले, “शिव्या देत जाईन, पन जाईन.”

मी बाईंकडे पाहिले. त्या हसत नव्हत्या. बांधावर बसल्या होत्या आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळून पुन्हा सोडत होत्या. स्नेहा त्या लंगड्या मेंढराकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सगळी मुले बसल्यावर बाई आपल्या खुर्चीवर न बसता तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. “मला एक सांगायचंय. माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. मुलांनी माना वर केल्या. मोठ्या माणसाचे चुकते हे त्यांना ठाऊक असावे. पण मोठे माणूस ते उभे राहून सांगते, हे नवीन होते. “देव तुम्हांला आपलं म्हणतो ते तुम्ही काही करण्याच्या आधी, असं मी तुम्हांला शिकवते. आणि वाढदिवसाला तुम्हांला खुर्चीवर बसवून विचारते, याने काय केलं सांगा. म्हणजे मी इथे बाजार भरवला. स्नेहा त्या बाजारात बसली आणि मी तिला तसंच बसू दिलं. स्नेहा, मला क्षमा कर.”

मग त्या सगळ्या मुलांकडे वळल्या.

“आता आपला रिवाज वेगळा. वाढदिवसाला जो बसेल त्याचं काही सांगायचं नाही. प्रत्येकाने जवळ जायचं, नाव घ्यायचं आणि म्हणायचं, तू देवाची, म्हणून आमची. बस.”

एलियाला हे पटले नाही. “पण बाई, काहीच न करता?”

“तू जन्मलास तेव्हा काय केलं होतंस?”

त्याने विचार केला. “रडलो.”

“आणि तरी आईने उचललं.”

“आई म्हणते, तिच्या साडीवर शू पण केली.”

“बघ. तरी उचललं.”

त्या दिवशी स्नेहाला पुन्हा खुर्चीवर बसवले. मुले रांगेने गेली. एलियाने ते वाक्य दोनदा म्हटले, कारण पहिल्यांदा तो घाईत ‘देवाची’ विसरला होता. मी रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. माझा आवाज कापलाच. कुणी हसले नाही.

उपासना संपल्यावर मी बाईंना कुत्र्याची हकिगत सांगितली. मी बोललो असतो तर हे सारे टळले असते, असे कबूल केले. “तुम्ही सांगितलं असतंत तर ती त्या दिवशी हसली असती, बंधू. आणि मग पुढच्या वाढदिवसापर्यंत दर रविवारी त्या कुत्र्यापाशी उभी राहिली असती, कुणी बघतंय का ते बघत. आणि मला माझी चूक या जन्मात कळली नसती.” मग त्यांनी जोडले, “तरी पण तुम्ही बोलायला हवं होतं. ती चूक तुमची, तुमच्याकडे ठेवा.”

गोष्ट इथे सुखाने संपली असे मला वाटले होते. बाईंना तसे वाटले नाही. स्नेहा आता सर्वांच्या आधी येऊ लागली. झाडू घेई, सतरंज्या घाली, फळा पुसे, बाईंची पर्स उचले, गीतांच्या वह्या वाटे. पालक कौतुक करू लागले. बाई मात्र तिच्याकडे पाहून कष्टी होत.

“अहो, किती करते,” मी म्हणालो.

“तेच तर. घरात आलेला पाहुणा आपणहून उठून ताट उचलायला जातो. घरचं पोर लोळत पडतं, आणि आई ओरडल्याशिवाय हलत नाही. ही अजून पाहुणी आहे.”

मग त्यांनी एक विलक्षण मोहीम हाती घेतली. त्या स्नेहाच्या हातून झाडू काढून घेत. तिने वह्या उचलल्या की म्हणत, “ठेव, एलिया वाटेल, त्याचे हात रिकामे आहेत.” तिने कविता पाठ करून आणली तर ऐकून घेत, पण मान डोलावण्यापलीकडे काही करीत नसत, आणि ती कविता मध्येच विसरली त्या दिवशी मात्र तिला जवळ बसवून दाणे-गूळ दिला. एका आईने मला बाजूला घेऊन विचारले, बाईंचा या मुलीवर राग आहे का? मलाही कधी कधी तशीच शंका येई.

नाताळ जवळ आला. बाईंनी स्नेहाला एकटीने गाण्यास सांगितले; तिचा आवाज खरोखर गोड होता. ती नेहमीप्रमाणे हो म्हणणार म्हणून मी वहीत तिचे नाव लिहूनही टाकले. स्नेहा फरशीवर बोट फिरवू लागली. मग म्हणाली, “बाई, मला नाही गायचं एकटीनं. मला सगळ्यांत गायचंय.”

“का गं?”

“नाही गायचं. बस.”

बाईंनी मला नाव खोडायला सांगितले. खोलीबाहेर जिन्यावर आल्यावर मी पाहिले, त्या एकट्याच उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तात्यांनी खालून विचारले, “काय बाई, लाटरी लागली का काय?”

“पोरीने मला नाही म्हटलं, तात्या.”

तात्यांनी शेजारी उभ्या असलेल्या पाळकसाहेबांकडे पाहून, या बाईंना काय झाले, अशी खूण केली.

गेल्या उन्हाळ्याआधी बाईंची नगरकडची थोरली बहीण अंथरुणाला खिळली आणि तिच्या सेवेसाठी जाण्याचे त्यांनी ठरवले. शेवटच्या रविवारी मुलांनी खोली सजवली, भेटकार्डे केली. सगळी आली होती. स्नेहा नव्हती. तिच्या शाळेचे खो-खोचे सामने त्याच दिवशी होते आणि ती संघात होती. तिने शुक्रवारीच बाईंच्या घरी जाऊन सांगितले होते.

“बाईंपेक्षा खो-खो मोठा का?” एलिया चिडून म्हणाला. काही पालकांनाही तसेच वाटत असावे. ज्या मुलीसाठी बाईंनी एवढा जीव टाकला तिने या दिवशी यायला हवे होते, असे मलाही वाटले, हे मी नाकारणार नाही.

दुपारी मी बाईंना रिक्षाने बसथांब्यापर्यंत सोडायला निघालो. गावच्या शाळेच्या मैदानावरून आरडाओरडा ऐकू येत होता. बाईंनी रिक्षा थांबवायला लावली. मैदानाची भिंत त्यांच्या उंचीपेक्षा थोडी जास्त. त्या एका दगडावर चढल्या, दोन्ही हातांनी भिंत धरली आणि टाचा उचलून आत पाहू लागल्या.

स्नेहा खेळत होती. खांबाला वळसा घालून ती दोघींना चुकवून गेली, तिसरीला चुकवताना तिचा पाय घसरला. ती गुडघ्यांवर पडली आणि मागून थाप बसली. पंचांनी शिट्टी वाजवली.

मी हाक मारायला तोंड उघडले. या वेळी मी खरोखरच बोलणार होतो. बाईंनी माझी बाही धरली.

“नका. तिला इकडे बघायची गरज नाही.”

स्नेहा उठली, गुडघे झटकले, मैदानाच्या कडेला जाऊन आपल्या संघातल्या मुलींमध्ये धपकन बसली. कुणी तरी तिला काहीतरी चिडवून म्हणाले असावे. स्नेहाने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि दोघी हसू लागल्या.

“बाद झाली,” बाई म्हणाल्या. त्यांची हनुवटी भिंतीवर टेकली होती, वाऱ्याने पदर खांद्यावरून सरकला होता आणि तो सावरायला त्यांनी हात सोडला नव्हता. “पहिल्याच डावात बाद झाली, आणि बघा कशी बसलीये.”

रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. बाई आणखी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.